डोड मेअरची ओळ

आर्ची रॅट्रेनं पक्कडीनं गिटारची तुटकी तार कापली आणि नवी खुंटीला गुंडाळायला घेतली, तेवढ्यात तंबूचा पडदा सारून एक बाई आत आली. अंगात पावसाळी कोट, त्याची गळ्यापर्यंत लावलेली बटणं, हातात कार्यक्रमपत्रिकेची घडी. मंचामागच्या या तंबूत बाहेरच्यांना मज्जाव होता, पण तिला कुणी अडवलेलं दिसत नव्हतं. गावातलीच असणार.

"सही हवीय का?" आर्चीनं मान वर न करता विचारलं. "जरा थांबा हं, हात मोकळा झाला की देतो."

"सही नको. मी विल्मा. डोड मेअरची मुलगी."

खुंटी फिरवणारा हात थांबला. अर्धवट ताणलेल्या तारेनं कुईं केलं आणि ती गप्प झाली.

छत्तीस वर्षं आर्ची ते नाव गात होता. लग्नांच्या हॉलमध्ये, जत्रांमध्ये, दोनदा कॅनडात, एकदा राजधानीतल्या मोठ्या सभागृहात, जिथं लोक उभं राहून रडले होते. त्या नावाला घरदार असेल याचा विचार तो करत नसे. न करण्याची त्याला सवय झाली होती.

"बसा ना," तो म्हणाला.

"उभीच बरी आहे. तुमचा फार वेळ नाही घेत. चारला सुरू होतंय ना?" तिनं पत्रिकेची घडी उलगडली, पुन्हा घातली. "तिसऱ्या कडव्याबद्दल बोलायचं होतं, मिस्टर रॅट्रे."

तिसरं कडवं म्हटल्यावर कुठल्या गाण्याचं, हे सांगायची गरज नव्हती. 'ड्रायस्टेन' हा वाद्यमेळ एक्केचाळीस वर्षं लोकगीतं वाजवत होता. त्यांच्या दोनेकशे गाण्यांपैकी लोकांना पुरतं पाठ असलेलं गाणं एकच, 'पाच दिवे'. याच गावची, पोर्ट स्केलीची, 'ब्राइट ऑफरिंग' नावाची मासेमारी बोट फेब्रुवारीतल्या एका पहाटे खडकावर चढली, त्याचं गाणं. वारा नव्हता, लाट नव्हती. बोट फाटली आणि बर्फासारख्या पाण्यात पाचही जण गेले. एवढ्या शांत समुद्रात असं कसं झालं, याचं उत्तर कुणालाच मिळालं नाही. ते आर्चीनं दिलं, तिसऱ्या कडव्यात: सुकाणू धरणाराच झोपला.

'वारा निजला, लाटा निजल्या, निजला डोड मेअर.'

"बाबा त्या बोटीवर स्वयंपाकी होते," विल्मा म्हणाली. पाठ केल्यासारखं बोलत होती, पुष्कळ वर्षं घोकलेलं असावं. "डावा डोळा गेला होता त्यांचा. जाळ्याची तार तुटून तोंडावर बसली होती. बोटीचा कप्तान माझा मामा. त्यानं बाबांना सुकाणूला कधी हात लावू दिला नाही. एकदाही नाही. गावात त्यांना डोड म्हणायचंच नाही कुणी. इथं निम्मं गाव मेअर आणि त्यातले निम्मे डोड, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव असतं. बाबांचं किटली. बोटीवर चढले की चहाची किटली ह्यांच्याच हातात, म्हणून. तुम्ही गावात एका माणसाला जरी विचारलं असतंत, डोड मेअर कोण हो, तर तो म्हणाला असता, कोण, किटली? तो कसला सुकाणू धरतोय!"

"मी पेपरात वाचलं होतं," आर्ची म्हणाला. "यादी आली होती. पाच नावं."

"पेपरात टोपणनावं छापत नाहीत."

"नाही छापत." त्यानं पक्कड खाली ठेवली. खोटं बोलण्यासारखं इथं काही नव्हतं. "ते नाव ओळीत बसलं. बाकीची चार लांब होती."

"बसलं," विल्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर आर्चीला बरं वाटलं असतं.

"मग सुकाणूवर होतं कोण?"

"कुणास ठाऊक. पाचही गेले. सांगायला कोण उरलं?" ती म्हणाली. "पहिल्या वर्षी पाचही बायका दर रविवारी एकत्र धक्क्यावर जायच्या. मग तुमची रेकॉर्ड आली. दुसऱ्या वर्षी चौघी पुढं आणि आई मागं. तिसऱ्या वर्षी तिनं जाणं सोडलं. मामीसुद्धा बोलेनाशी झाली, सख्ख्या भावाची बायको. आईनं तुम्हाला पत्र लिहिलं होतं. एकोणनव्वद साली, रेकॉर्ड काढणाऱ्यांच्या पत्त्यावर."

आर्ची खुंटीकडं बघत राहिला.

"नाही मिळालं मला," तो म्हणाला.

"वाटलंच. आई तेच म्हणायची. पोचलंच नसणार गं, पोचलं असतं तर त्यानं बदललं असतं. तुम्हाला टीव्हीवर बघायची ना. भल्या तोंडाचा माणूस आहे म्हणायची." विल्मा पहिल्यांदाच किंचित हसली. "यंदा फेब्रुवारीत गेली. त्या आठवड्यातसुद्धा म्हणत होती."

बाहेर ध्वनिक्षेपकावर कुणीतरी एक-दोन-तीन म्हणून बघत होतं.

"आमच्या गावात तुम्ही पहिल्यांदाच येताय. आज ते नाव गाऊ नका, एवढंच सांगायला आले. दुसरं काहीही गा."

"बदलतो," आर्ची म्हणाला. "आजपासून बदललं. शब्द देतो."

तिनं मान हलवली. "तिसऱ्या रांगेत आहे मी. कडेला." आणि पडदा सारून ती गेली.

आर्चीनं तार पुरी ताणली, सूर लावला, गिटार बाजूला ठेवली. मग गिटारच्या पेटीवर वाकून त्यानं आतल्या मखमली अस्तराची एक कड उचलली. पाकीट तिथंच होतं. निळ्या रेघांच्या कागदाचे दोन ताव, पाठपोट लिहिलेले, प्रत्येक अक्षर सुटं. त्यानं ते एकदाच वाचलं होतं, प्रवासात, गाडीच्या मागच्या सीटवर. तेव्हा गाणं नुकतं कुठं लोकांच्या तोंडी बसत होतं. जो तो तिसरं कडवं म्हणत होता. पुढची रेकॉर्ड काढू तेव्हा बघू, असं त्यानं ठरवलं आणि पुढची रेकॉर्ड निघाली तेव्हा बघितलं नाही. त्यानंतर त्याच्या तीन पेट्या झिजून बदलल्या. दर वेळी पत्र जुन्या अस्तराखालून निघून नव्या अस्तराखाली गेलं. तेव्हा विसरलो म्हणायची सोयही त्यानं स्वतःला ठेवली नव्हती. पोर्ट स्केलीचं बोलावणं त्यानं चार वेळा टाळलं, कधी घसा, कधी तारखा. पाचव्यांदा त्याला न विचारता डूगलनं हो म्हणून टाकलं. डूगल बॅगपाइप्स वाजवायचा. मेळात येऊन त्याला अकराच वर्षं झाली होती, त्याला काय माहीत.

इश्बेल दोन कप घेऊन आली. धुरावलेल्या हॅडॉक माशाचं सूप, वर मिऱ्याची पूड. इश्बेल गेडिस पहिल्या दिवसापासून फिडल, म्हणजे लोकगीतांचं व्हायोलिन, वाजवत होती आणि पहिल्या दिवसापासून आर्चीला धारेवर धरत होती.

"घे, पी. तोंड का असं झालंय? तार तुटली की दात?"

"तिसरं कडवं बदलायचंय."

"कशाचं?" मग तिच्या लक्षात आलं. "डोकं फिरलंय का तुझं? आज? इथं?"

"त्याची मुलगी येऊन गेली. तो स्वयंपाकी होता, इश्बेल. एका डोळ्यानं अधू. सुकाणू कधी धरलंच नाही त्यानं."

इश्बेलनं कप खाली ठेवला.

"मी तुला तेव्हाच म्हटलं होतं," ती म्हणाली. "गाणं करतोयस तर एकदा गावात जाऊन ये. दोन तासांचा रस्ता होता."

"म्हटलं होतंस."

"बरं. शब्द काय घालणार?"

त्यानं गुणगुणून दाखवलं. वारा निजला, लाटा निजल्या, कोण जागं होतं.

"बसतंय," इश्बेल म्हणाली. "पण त्या ओळीला आपण थांबतो ना. लोक म्हणतात ती."

खरी अडचण तीच होती आणि ती आर्चीनंच करून ठेवली होती. तिसऱ्या कडव्याला सगळी वाद्यं थांबायची. आर्ची एकटा पहिल्या ओळी म्हणायचा आणि डोड मेअरची ओळ आली की माइकपासून मागं सरून कानामागं हात धरायचा. बाकीचं काम लोक करायचे. इतकी वर्षं ती ओळ त्यानं स्वतःच्या तोंडानं पुरी म्हटलीच नव्हती, म्हटलं तरी चालेल.

"आज थांबायचं नाही," तो म्हणाला. "सगळ्यांनी वाजवत राहायचं. डूगलला सांग, त्या ओळीवर पाइप्स घे म्हणावं. भरपूर आवाज. मी हात करणार नाही."

"सांगते," इश्बेल म्हणाली. जाता जाता वळली. "सूप पी. गार झालं की त्याचा लगदा होतो."

सूप तसंच ठेवून तो धक्क्यावर गेला. नवी ओळ तोंडात बसवायची होती. समुद्रावरून धुकं येत होतं. भर जुलैत दुपारी तीनला बंदराचं दुसरं टोक दिसत नव्हतं, डोलकाठ्या तेवढ्या वर निघालेल्या. धक्क्याच्या टोकाला ग्रॅनाइटची शिळा होती, तिच्यावर पाच नावं. तो जवळ गेला. चार नावांची अक्षरं पावसापाण्यानं बोथट झालेली, कडांना शेवाळ. तिसऱ्या नावाची अक्षरं धारदार होती आणि त्या जागी दगड बोटभर खोल गेला होता. शेजारी पाहुण्यांसाठी लावलेली पाटी. तिच्यावर बोटीचं चित्र आणि चित्राखाली आख्खं तिसरं कडवं.

"पोरं खिळ्यानं खरवडायची," मागून आवाज आला. बाकावर एक म्हातारा बसला होता, मांडीवर काठी आडवी. "दोनदा झालं. मग तासून पुन्हा कोरलं. आर्ची रॅट्रे ना तुम्ही? ओळखलं मी. मी बेंजी. कार्यक्रमाला पुढंच बसणारे, कान गेलेत माझे."

"नमस्कार," आर्ची म्हणाला. "तुम्ही त्यांना ओळखत होता? ह्या पाचांना?"

"घ्या! चुलतभाऊ होता माझा त्यात. वरून दुसरा."

"आणि हा तिसरा?"

"किटली? न ओळखायला काय झालं." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "बरा माणूस हो. चहा करावा तर त्यानंच. एवढा मोठा समुद्र उसळलेला असायचा, पण त्याच्या कपातला थेंब सांडायचा नाही. एका डोळ्यानं दिसायचं नाही बिचाऱ्याला." तो काठी फिरवत राहिला. "त्या दिवशी सुकाणूवर कसा काय गेला, कोण जाणे."

"गेला नसेलही," आर्ची म्हणाला.

"गेला असणारच की."

"कशावरून?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं, हा माणूस आपली थट्टा करतोय की काय अशा नजरेनं.

"अहो, गाण्यातच आहे ना," तो म्हणाला.

धुक्यात कुठंतरी बंदराचा भोंगा वाजला. तंबूकडं परत येताना त्याला नवी ओळ आठवेना, तेव्हा त्यानं ती पेननं डाव्या तळहातावर लिहिली.

चारला कार्यक्रमाचा मोठा तंबू खच्चून भरलेला होता. सहाशेच्या वर माणसं. अर्धी गावातली आणि अर्धी गाड्या काढून लांबून आलेली, बुटांना चिखल, डोक्यावर कागदी टोप्या. इश्बेलनं पहिल्या नाचगतीला गज घातला आणि लोकांचे पाय हलू लागले. आर्चीचं काम दोन गाण्यांच्या मध्ये थापा मारण्याचं होतं आणि त्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पाइप्स ऐकून किनाऱ्यावर चढलेला आणि आजीनं पाव-लोणी देऊन परत पाठवलेला सील. लग्नात नवरदेवाऐवजी पाद्र्यालाच नाचवणारा मामा. हे मामा आणि आजी कधीच नव्हते, हे त्याच्या श्रोत्यांना पुरतं माहीत होतं आणि म्हणूनच ते पोट धरून हसत. आजही हसले. बेंजी पुढच्या रांगेत कानाला हात लावून बसला होता. तिसऱ्या रांगेच्या कडेला विल्मा, कोटाची बटणं तशीच लावलेली.

शेवटचं गाणं कुठलं ते सांगावं लागलं नाही. इश्बेलनं पहिले चार सूर लावले आणि तंबूतून एक उसासा फिरला. लोक सावरून बसले. काहींनी एकमेकांचे हात धरले.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला वाद्यं थांबली नाहीत. लोकांना ते जरा चमत्कारिक वाटलं असावं, माना इकडंतिकडं झाल्या. आर्ची माइकला चिकटून उभा राहिला, दोन्ही हात गिटारवर. वारा निजला, लाटा निजल्या. डूगलनं पाइप्सची पिशवी दाबली, ते करकरीत सूर तंबूच्या छतापर्यंत गेले आणि आर्चीनं सगळा श्वास लावून म्हटलं, कोण जागं होतं.

निदान त्यानं म्हटलं असं त्याला वाटलं. कारण त्याच्या कानावर आलं ते वेगळंच. सहाशे माणसं, न बोलावता, कानामागं हात नसताना, एका सुरात म्हणाली, निजला डोड मेअर.

पाइप्ससुद्धा त्याखाली बुडाले.

पुढच्या रांगेतल्या बायका त्याच्याकडं बघून हसल्या, आजारी माणसाकडं बघून हसतात तसं. एकीनं अंगठा वर केला. होतं असं, वय झालं, विसरायला होतं. आम्ही आहोत ना.

आर्चीनं हात वर केला. वाद्यं एकेक करून थांबली. सगळ्यात शेवटी पाइप्स, विव्हळत.

"थांबा," तो माइकवर म्हणाला. "एक सांगायचंय. ही ओळ खोटी आहे. डोड मेअर झोपला नव्हता. तो सुकाणूवर नव्हताच. तो स्वयंपाकी होता बोटीवर, एका डोळ्यानं अधू होता. किटली म्हणायचे त्याला."

किटली म्हटल्यावर मागं कुणीतरी फस्सकन हसलं. ते हसू रांगारांगांतून पुढं आलं. लोक खुर्च्यांत रेलले, तोंडं अर्धी उघडी. आता पुढं काय येणार, सील येणार की मामा, याची वाट बघत.

"खरं सांगतोय," आर्ची म्हणाला.

आता तर तंबू दणाणला. हे तो प्रत्येक थापेच्या मध्ये म्हणायचा, त्याच आवाजात. गावातल्या रांगा हसल्या नाहीत. तिथली माणसं खाली मान घालून बसली, आपल्या मेलेल्यांची कुणी बाहेरच्यानं थट्टा करावी आणि पाहुणा म्हणून ती सोसावी लागावी, तशी. बेंजी हळूहळू मान हलवत होता, नाही, नाही.

"मी पेपरातून नाव घेतलं," आर्ची म्हणाला. "ते ओळीत बसलं म्हणून घेतलं." पण मागच्या बाजूला कुणीतरी भल्या माणसानं म्हाताऱ्याला सांभाळून घ्यायचं ठरवलं होतं. त्यानं तिसरं कडवं पहिल्यापासून उचललं. शेजाऱ्यानं साथ दिली, मग रांगेनं, मग सगळ्यांनी, पाय आपटत. गावकऱ्यांनीही. वाद्यांची गरज नव्हती.

आर्चीनं तिसऱ्या रांगेकडं पाहिलं. विल्मा सरळ बसली होती, हात मांडीवर. तिच्या शेजारची कागदी टोपीवाली बाई, कुठून तरी लांबून आलेली, रडत होती आणि गात होती. तिनं विल्माच्या खांद्यावर हात टाकला होता आणि सुरात डोलत होती. ती डोलवत होती तशी विल्मा डोलत होती.

डोड मेअरची ओळ त्यांनी दोनदा म्हटली.

नंतर लोक सह्या घ्यायला आले. फार छान झालं म्हणाले. एकानं पाठीवर थोपटलं, "काळजी नको करू आर्ची, माझा बाप तर शेवटी माझंच नाव विसरला होता." बेंजी काठी टेकत आला आणि आर्चीकडं न बघता तसाच पुढं गेला. इश्बेलनं फिडल पुसून पेटीत ठेवली, आर्चीचा दंड एकदा दाबला आणि ती गाडीकडं गेली.

मंचामागच्या तंबूत विल्मा उभी होती, दुपारी होती त्याच जागी.

"तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली.

"काही उपयोग झाला नाही."

"नाही झाला." तिनं ते मान्य केलं. "पण छत्तीस वर्षांत मोठ्यानं कुणी म्हटलं नव्हतं. आईला बरं वाटलं असतं. भल्या तोंडाचा माणूस म्हणायची, ते काही चुकीचं नव्हतं तिचं." आणि तिनं हात पुढं केला.

आर्चीनं नुसता तो हात हातात घेतला असता तरी झालं असतं. ती घरी गेली असती, तो गाडीत बसला असता आणि या गावात निदान एका घरात त्याच्याबद्दल बरं बोललं गेलं असतं. त्याला ते हवं होतं. फार हवं होतं. त्यानं हात पुढं नेला, तेव्हा तळहातावरची नवी ओळ घामानं फिस्कटलेली दिसली, आणि त्यानं तो मागं घेतला.

तो पेटीपाशी गुडघ्यांवर बसला. अस्तराची कड उचलली, पाकीट काढलं आणि उठून तिच्या हातात दिलं.

विल्मानं आधी अक्षर ओळखलं. तिचा अंगठा आईनं लिहिलेल्या पत्त्यावरून एकदा फिरला. मग तिनं पाकीट उलटं केलं. वरची कड सुरीनं सरळ कापलेली होती आणि ती कड इतकी जुनी होती, की पिवळी पडून मऊ झाली होती.

"कधी?" तिनं विचारलं.

"आलं त्याच आठवड्यात."

बाहेर खुर्च्यांच्या घड्या घालून एकावर एक रचायचं काम चाललं होतं. रचणारी माणसं काहीतरी गुणगुणत होती.

विल्मानं पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्यासाठी वरची दोन बटणं काढावी लागली, ती तिनं पुन्हा लावली, सावकाश, एकेक करून.

"बरं झालं," ती म्हणाली, "आई फेब्रुवारीतच गेली."

आणि पडदा सारून ती धुक्यात निघून गेली.